उशीवरून दिसणारी खिडकी

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयात आम्ही नऊ दिवस काढले. खोली चांगली होती. ऐसपैस खिडकी, बाहेर गुलमोहोर आणि त्यात मे महिना. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच म्हणायचा, ‘‘वा, काय फुललाय हो!’’ आई नुसती हसायची. तिसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर तिने मला विचारलं, ‘‘कशाबद्दल बोलतात रे सगळे?’’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की, खिडकी तिच्या डोक्यामागे आहे. कुशीवर वळायला डॉक्टरांची मनाई होती. गुलमोहोर आमच्यासाठी होता, आजारी माणसाच्या वाट्याला आलं होतं ते छत. त्या छताची मात्र तिला खडान्‌खडा माहिती झाली होती. पांढऱ्या तक्त्यांच्या किती रांगा आहेत, एसीच्या गळतीने कुठल्या तक्त्यावर डाग पडलाय, ट्यूबलाइट लागण्याआधी किती वेळा डोळे मिचकावते, सगळं.

खोलीला खिडकी होती, पण रुग्णाला नव्हती. रुग्णालयाचा नकाशा काढणारा माणूस उभा असतो, तो मंजूर करणारा उभा असतो आणि वास्तू बघायला येणारे पाहुणेही उभेच असतात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो आडवा असतो. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रुग्णालयांच्या बांधणीत जे चुकलं आणि जे साधलं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

चुकल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. मोठं म्हणजे अक्षरशः पाव मैल लांब. साउदॅम्प्टनजवळ नेटली या गावी समुद्राच्या खाडीकाठी लष्कराचं भव्य रुग्णालय बांधायला घेतलं. 1856 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने पायाचा दगड बसवला. जहाजातून येणाऱ्याला लांबूनच राजवाड्यासारखी दिसावी अशी ही इमारत. त्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धावरून फ्लॉरेन्स नाइटिंगेल परतल्या होत्या. नकाशे त्यांच्यापुढे आले आणि त्या हादरल्याच. पाण्याच्या बाजूला, जिथे ऊन आणि वारा दोन्ही होतं, तिथे लांबच लांब व्हरांडे होते. रुग्णांचे वॉर्ड मागे, ईशान्येला, आतल्या आवाराकडे तोंड करून. म्हणजे समुद्र दिसायचा तो बोळातून ये-जा करणाऱ्यांना. बाईंनी पंतप्रधान पामरस्टन यांना गाठून नकाशा उलटा करायला सांगितलं. पामरस्टनना ते पटलं. रुग्णाच्या आरामापेक्षा वास्तुविशारदाची हौस मोठी ठरली आहे, अशा अर्थाची कडक टीकाही त्यांनी केली. पण तोवर पाया भरून झाला होता, पैसा ओतला होता. आपल्याकडेही हे वाक्य ओळखीचं आहे: आता काम फार पुढे गेलंय. 1863 मध्ये रुग्णालय सुरू झालं ते तसंच. शंभर वर्षांनी, 1966 मध्ये, ते पाडलं. आज मधलं प्रार्थनाघर तेवढं शिल्लक आहे.

नाइटिंगेलबाईंचं नाव आपण दिव्याशी जोडतो, पण त्यांचा खरा आग्रह सूर्याच्या उजेडाचा होता. शुश्रूषेवरच्या त्यांच्या छोट्या पुस्तकात ताज्या हवेनंतर लगेच उजेडाचा क्रम लागतो, आणि तोही नुसत्या उजेडाचा नाही, थेट उन्हाचा. आजारी माणसं झाडासारखी उजेडाकडे तोंड करून निजतात, हे त्यांनी वॉर्डात हिंडताना टिपलं होतं. त्याहून बारीक नोंद पुढे आहे. रुग्णाला उठून न बसता, कूसही न बदलता खिडकीतून बाहेरचं दिसलं पाहिजे. निदान आभाळ तरी. 1859-60 च्या सुमाराला लिहिलेली ही अट माझ्या आईच्या खोलीला दीडशे वर्षांनंतरही पुरी करता आली नव्हती.

त्यांच्या विचारांतून घडलेला वॉर्ड पुढे जगभर पसरला. सुमारे तीस फूट रुंदीची लांबट खोली, दोन्ही भिंतींशी मिळून तीसेक खाटा आणि दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन छताला जवळजवळ भिडणाऱ्या. 1871 मध्ये लंडनमध्ये थेम्सच्या काठावर, पार्लमेंटच्या समोर, सेंट थॉमस रुग्णालय उभं राहिलं ते याच पद्धतीचं. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांतले उंच छताचे, दोन्हीकडे व्हरांडे असलेले वॉर्ड त्याच घराण्यातले. एकांत नाही, शेजारच्याचं कण्हणं ऐकू येतं, हे सगळं खरं. पण सकाळ झालेली तिथे कळते.

मग क्षयाने उजेडाला औषधाचा दर्जा दिला. ऊन जंतूंना मारतं हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी 1877 मध्ये दाखवलं. निल्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल 1903 चं नोबेल मिळालं. औषध नव्हतं, तेव्हा हवा, ऊन आणि पोटभर अन्न यांवरच भिस्त. डोंगराळ, मोकळ्या जागी आरोग्यधामं निघाली. पाचगणीचं बेल-एअर 1912 सालचं. सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडीचं क्षयरुग्णालयही त्याच परंपरेतलं.

या सगळ्या आरोग्यधामांत फिनलंडमधलं पाइमिओचं मला सगळ्यात शहाणं वाटतं. अल्वार आल्तो या वास्तुविशारदाने ते 1929 ते 1933 या काळात बांधलं. त्या दिवसांत आपण स्वतः आजारी होतो आणि पडल्या पडल्याच बरंच काही सुचलं, असं तो सांगत असे. साधी खोली उभ्या माणसासाठी असते, ही आडव्या माणसासाठी, हे त्याने मनाशी पक्कं केलं आणि मग एकेक गोष्ट उशीवरून तपासली. छत पांढरंशुभ्र न ठेवता गडद हिरवट रंगवलं, कारण रुग्णाची ती चोवीस तासांची भिंत. दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी. उष्णता पायांच्या बाजूला, डोक्यावर नाही. खोलीत दोघे जण असायचे, म्हणून हात धुण्याची भांडी अशा उताराची की पाणी पडताना आवाजच होऊ नये. एकाने चूळ भरली तर दुसऱ्याची झोप मोडायला नको. खिडक्या मोठ्या, उन्हाच्या दिशेला आणि पलीकडे पाइनचं जंगल.

पण 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत क्षयावर गोळ्या-इंजेक्शनं आली. त्याच सुमाराला फ्लुरोसंट नळ्या बाजारात आल्या होत्या, पाठोपाठ वातानुकूलन. उजेड तारेतून आणि हवा पत्र्याच्या नळीतून मिळायला लागल्यावर इमारतीला भिंतीपाशी खिडकी हवीच असं राहिलं नाही. जाडजूड, फुगलेल्या इमारती निघाल्या. कडेला खोल्या, पोटात ऑपरेशन थिएटरं, अतिदक्षता विभाग, प्रयोगशाळा, परिचारिकांची टेबलं. जुना वॉर्ड तीस फूट रुंद होता तो खिडकीच्या उजेडाची धाव तेवढीच म्हणून. ठोकताळा असा की, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. आपल्याकडे लिंटल सात फुटांवर असतं. म्हणजे पंधरा-सतरा फुटांपुढे बटण दाबायचं.

खिडकीची बाजू घेणारा ठोस आकडा यायला 1984 साल उजाडलं. रॉजर उलरिक हा संशोधक काही डॉक्टर नव्हता, त्याचा विषय भूगोल. पोरवयात मूत्रपिंडाच्या दुखण्याने तो बराच काळ अंथरुणाला खिळला होता आणि खिडकीबाहेरचा पाइन बघत दिवस काढले होते, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात त्याला हवी तशी जागा मिळाली. एकाच बाजूच्या खोल्या, एकाच मापाच्या खिडक्या, शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका त्याच. फरक एकच. काही खिडक्यांतून झाडांचा पुंजका दिसायचा, काहींतून तपकिरी विटांची भिंत. 1972 ते 1981 पर्यंतच्या जुन्या फायली त्याने चाळल्या. पित्ताशय काढलेले रुग्ण घेतले, कारण तेव्हा पोट उघडून होणारं ते एक ठरावीक ऑपरेशन होतं. झाडांना पानं असतात त्या मे ते ऑक्टोबर महिन्यांतलेच रुग्ण धरले. वय, लिंग, विडी-सिगारेटची सवय, वजन असं जुळवून 23 जोड्या लावल्या. एक झाडवाला, एक भिंतवाला.

झाडवाले ऑपरेशननंतर सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना 8.70 दिवस लागले. पाऊण दिवसाचा फरक. मला त्याहून बोलका वाटतो तो परिचारिकांच्या नोंदींचा हिशेब. रुग्ण रडतोय, फार धीर द्यावा लागतोय, अशा धर्तीच्या तक्रारवजा नोंदी भिंतवाल्यांच्या फायलीत सरासरी चारच्या घरात, झाडवाल्यांच्या फायलीत एकाच्या आसपास. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत, दुखणं ऐन भरात असताना, भिंतवाल्यांना जोरकस वेदनाशामकं जास्त लागली आणि झाडवाल्यांचं साध्या गोळ्यांवर भागलं. जेमतेम दोन पानांचा हा निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि रुग्णालय बांधणाऱ्यांच्या बैठकीत ‘खिडकीने काय होतं?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं. रुग्ण फक्त 46 होते आणि रुग्णालय एकच, हेही विसरू नये. पण आपण कुठल्या प्रयोगात आहोत हे ना रुग्णांना माहीत होतं, ना नोंदी करणाऱ्यांना. या अभ्यासाचं बळ त्यातच आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. उलरिकच्या दोन्ही गटांना खिडकी होती. फरक पडला तो खिडकीतून काय दिसतं त्यामुळे. दृश्य ही एक गोष्ट, उजेड ही दुसरी. झाड दिसलं की मन दुखण्यावरून हटतं. उजेडाचं काम मात्र माणूस बघतोय की नाही यावर अवलंबून नसतं.

डोळ्याच्या पडद्यावर बघण्याशी फारसा संबंध नसलेल्या काही पेशी असतात, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच नीट उलगडलं. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतं की दिवस उजाडला. त्या घड्याळावर झोप, ताप, भूक, रक्तदाब यांचं चक्र फिरतं. ट्यूबलाइटच्या खोलीत 200 ते 500 लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजारांच्या घरात असतो आणि रणरणत्या उन्हात लाखभर. आपल्याला खोली ‘लख्ख’ वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. घड्याळाला मात्र ती संध्याकाळच वाटते. त्यात रात्री दोनला सलाईन बदलायला दिवे लागतात. दिवस पुरता उजाडत नाही आणि रात्र पुरती होत नाही.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना याचा अनुभव असतो. ‘काल चांगले बोलत होते हो, आज मलाच ओळखेनात. मध्येच उठून म्हणतात, बस चुकेल.’ वैद्यकीय भाषेत याला डेलिरियम म्हणतात. 1972 मध्ये विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने खिडक्या असलेला आणि नसलेला असे दोन अतिदक्षता विभाग ताडून पाहिले. ऑपरेशननंतरचा भ्रम खिडकीविना 40 टक्के रुग्णांना झाला, खिडकी असलेल्या विभागात 18 टक्क्यांना. हा आकडा व्याख्यानांत अजून फिरतो. त्याच्या शेजारी दुसराही ठेवला पाहिजे. 2013 मध्ये अमेरिकेतल्याच सहा हजारांहून अधिक अतिदक्षता-रुग्णांचा अभ्यास झाला. खिडकी आणि बाहेरचं दृश्य यांचा परिणामांवर किंवा खर्चावर फरक पडलेला त्यात दिसला नाही. मला याचं फार नवल वाटत नाही. झोपेच्या औषधाखाली, नळ्यांत गुंतलेला माणूस बघणार तरी काय? आणि ती खिडकी डोक्यामागे असेल तर? अर्थात हा माझा अंदाज. पण खिडकी म्हणजे संजीवनी, असं कुणी विकू लागलं तर जरा सबुरीने घ्यावं.

शुद्धीवर असलेल्या, कण्हणाऱ्या, कंटाळलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा बऱ्यापैकी एका बाजूला झुकतो. पिट्सबर्गमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी काही इमारतीच्या उन्हाच्या बाजूला गेले, काही दुसऱ्या बाजूला. उन्हाच्या बाजूच्यांना 46 टक्के जास्त प्रखर ऊन मिळालं आणि ताशी वेदनाशामकं 22 टक्के कमी लागली. हा अभ्यास 2005 चा. मिलानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विध्रुवी विकारातल्या नैराश्याचे रुग्ण पूर्वेकडच्या खोल्यांतून पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी 3.67 दिवस आधी घरी गेले. पूर्वेची खोली म्हणजे सकाळचं ऊन. आपल्या घरांत देवघर पूर्वेला असावं म्हणतात, त्यामागचं शास्त्र मी इथे सांगणार नाही, काळजी नसावी.

कोवळ्या उन्हाची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात 1956 च्या सुमाराला सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. ऊन पडलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या अंगणात न्यायच्या. एका बाळाचं पांघरूण काढून त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. उघड्या अंगाचा कावीळीचा पिवळेपणा उतरला होता, दुपट्याच्या टोकाखालचा तिकोना तेवढा अजून पिवळा. पाठोपाठ रक्ताची एक नळी चुकून खिडकीत उन्हात राहिली आणि तपासणीत तिच्यातलं पित्तद्रव्य अपेक्षेपेक्षा फार कमी निघालं. या दोन योगायोगांतून 1958 मध्ये नवजात कावीळीवरचा प्रकाशोपचार जन्माला आला. आज बाळ निळ्या दिव्याखाली ठेवतात तो हाच. आपल्याकडे तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसणाऱ्या आज्यांना हे ऐकून मान डोलवावीशी वाटेल. डोलवावी; पण कावीळ वाढली तर घरचं ऊन पुरत नाही, दिव्याखालीच न्यावं लागतं.

खिडकीचा आणखी एक हिशेब आहे आणि क्षय अजून न सरलेल्या देशात तो विसरता येणार नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत खिडक्या उघडून हवा किती खेळते, हे मोजलं गेलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 1950 पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा तासाला 40 वेळा बदलत होती. नव्या इमारतींत खिडक्या उघडून 17 वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांचं प्रमाण 12 धरलेलं. क्षयरोग्याबरोबर दिवसभर राहिलेल्याला संसर्ग होण्याचा हिशेबी धोका यंत्राच्या खोलीत 39 टक्के निघाला, जुन्या खोलीत 11. आपण जुने वॉर्ड पाडून खालच्या छताचे, बंद काचांचे, गारेगार वॉर्ड बांधतो तेव्हा या आकड्यांकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.

मग खिडक्याच खिडक्या करायच्या का? आपल्या उन्हात ते जमायचं नाही. हमरस्त्यांवरची नवी रुग्णालयं बघा. आपादमस्तक निळी काच. दुपारी बारा वाजता आत जा, प्रत्येक पडदा ओढलेला आणि प्रत्येक दिवा चालू. काचेतून भट्टी आत येते, म्हणून पडदा. पडद्याने अंधार होतो, म्हणून दिवा. आणि दोन्हींची उष्णता काढायला एसी. लहान गावांत वेगळी तऱ्हा. तिथे खिडक्या असतात, पण त्यांवर डॉक्टरांच्या पदव्यांचा दुमजली फ्लेक्स. शहरातल्या इमारतींत फ्लॅट जोडून केलेल्या नर्सिंग होममध्ये खिडकी डक्टमध्ये उघडते. समोर सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरं. उलरिकच्या भिंतवाल्यांना निदान कोरडी वीट होती.

आपला सूर्य कसा फिरतो हे ध्यानात घेतलं तर काम सोपं होतं. मे महिन्यात पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा पोरं गच्चीवर बाटल्या उभ्या करून सावली शोधतात. त्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या थोडा उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उकाड्यात दक्षिणेच्या खिडकीत भर दुपारचं ऊन येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत डोकावतो, तेव्हा तो हवाच असतो. दोन फुटांचा छज्जा टाकला तर त्या दिवशी खिडकीचा वरचा दोनसव्वादोन फुटांचा भाग सावलीत जातो आणि खालून ऊब येते. दक्षिण आपल्याकडे उगाच बदनाम झाली आहे. उत्तरेचा उजेड शांत, सावलीचा. पूर्वेचं ऊन सकाळचं, घड्याळ लावून देणारं. पश्चिम मात्र बेरकी. तिरपा सूर्य छज्ज्याखालून थेट उशीवर येतो. तिथे उभे पडदे, जाळी, नाहीतर दाट झाड लागतं. त्याहून बरं म्हणजे जिने, लिफ्ट, संडास, भांडार पश्चिमेला ढकलावेत. प्रत्यक्षात मात्र चांगला कोपरा कार्यालयाला आणि ‘डीलक्स’ खोल्यांना जातो आणि जनरल वॉर्डाच्या वाट्याला उरेल ती दिशा.

उष्ण प्रदेशातही हे जमतं. सिंगापूरमध्ये 2010 साली सुरू झालेल्या खू तेक पुआत रुग्णालयाने शेजारच्या तळ्याला आपल्या बागेत सामील करून घेतलं. कमी दराच्या वॉर्डांत नैसर्गिक वारा खेळवला आणि खिडकीत आडव्या फळ्या अशा बसवल्या की, त्यांवर आदळलेला उजेड छतावरून खोलीत पसरावा. पण आईच्या खोलीची आठवण मला सगळ्यात जास्त झाली ती रवांडातल्या बुतारो रुग्णालयाबद्दल वाचताना. 2011 साली डोंगरमाथ्यावर, तिथल्याच ज्वालामुखी दगडात ते बांधलं. वॉर्ड नाइटिंगेलच्याच पठडीतला, मात्र एक गोष्ट फिरवली. उशा भिंतीकडे आणि नजर समोरच्या रुग्णाकडे, अशी आपल्या वॉर्डांची रीत. बुतारोत खोलीच्या मधोमध ठेंगणी भिंत घातली, खाटांच्या उशा तिला लावल्या आणि पाय खिडकीकडे. डोळे उघडले की समोरच्याची सलाईनची बाटली दिसत नाही, दरी दिसते. एवढ्याशा बदलाला फार पैसे लागत नाहीत. नकाशा काढणाऱ्याने एकदा आडवं होऊन बघायला लागतं.

मी हे आमच्या ओळखीच्या एका इंजिनिअरांपाशी बोललो. ते म्हणाले, ‘‘साहेब, कॉट फिरवायची कशी? ऑक्सिजनचा पॅनेल उशाच्या भिंतीत असतो ना. पॅनेल जिथे, उशी तिथे.’’ म्हणजे भांडण वास्तुविशारदाशी नव्हतंच, प्लंबिंगशी होतं. तरीही नकाशा कागदावर असताना पॅनेल बाजूच्या भिंतीला नेणं अवघड नसतं. तेव्हा कुणी विचारत नाही, एवढंच. तीच गत सिलची. खिडकीची खालची कड नेहमीच्या सवयीने तीन-साडेतीन फुटांवर ठेवतात, त्यामुळे पडलेल्या माणसाला आभाळाचा तुकडा मिळतो, झाड-रस्ता-माणसं मिळत नाहीत. दोन फुटांवर आणली, बाहेरून मजबूत ग्रिल लावली, तर उशीवरून अंगण दिसतं.

आणि काम करणाऱ्यांचं काय? रुग्ण आठवड्याने घरी जातो, सिस्टर तिथे वर्षानुवर्षं असते. बारा तासांची पाळी इमारतीच्या पोटातल्या टेबलावर. तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या विद्यापीठ रुग्णालयात 141 परिचारिकांना विचारलं, तेव्हा ज्यांना दिवसाचा उजेड किमान तीन तास मिळत होता त्या कामावर कमी ताणात आणि जास्त समाधानी होत्या. ‘बाहेर पाऊस आहे का हो?’ असं भेटायला आलेल्या माणसाला विचारणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. बाहेर दोन तास धो धो कोसळत होता.

आमच्यापुरता उपाय चौथ्या दिवशी निघाला. घरून बाबांचा दाढीचा आरसा आणला, स्टँडवर फिरणारा. जेवणाचं चाकांचं टेबल पायथ्याशी सरकवून त्यावर तो ठेवला आणि थोडा मागे कलता केला. आरशात लाल गुलमोहोर उतरला. आईने आधी आपला अवतार बघून घेतला, मग म्हणाली, ‘‘अजून जरा डावीकडे.’’ नंतरचे पाच दिवस छताचा विषय निघाला नाही. राऊंडवर आलेल्या डॉक्टरांनी आरसा कशाला म्हणून विचारलं, तर त्यांना थांबवून तिने दाखवलं, ‘‘तो बघा, कावळा काड्या आणतोय. घरटं पूर्वेच्या अंगाला धरलंय. यंदा पाऊस चांगला.’’ डॉक्टर गेल्यावर मी खिडकीत जाऊन वर पाहिलं. घरटं झाडाच्या पश्चिम अंगाला होतं. आरशात डावं-उजवं उलटतं. मी परत येऊन खुर्चीत बसलो. तिने विचारलं, ‘‘दिसलं का?’’ म्हटलं, हो, दिसलं.